तळ्यात की माळ्यात?

मोटारगाडीविषयी मतं असायला मोटारगाडी असावी लागत नाही. किंबहुना ज्याच्याकडे ती असते त्याला पेट्रोल, पंक्चर, पार्किंग आणि पी.यू.सी. या चार पुरुषार्थांतून मतांपर्यंत पोचायला सवडच होत नाही. खरे मोटारशास्त्री निपजतात ते एस.टी. स्टँडवर. आमच्या तळ्याच्या स्टँडवर इंदापूरला जाणारी एस.टी. येईपर्यंत जो मोकळा वेळ मिळतो त्यात आम्ही जगातल्या बहुतेक मोटार कंपन्या काढल्या आणि बुडवल्या आहेत. (हे इंदापूर मुंबई-गोवा रस्त्यावरचं. पुण्याकडचं वेगळं. आणि तळा म्हणजे रायगड जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव. ‘मी तळ्यात राहतो’ असं म्हटलं की मुंबईची मंडळी आमच्याकडे बेडकाकडे पाहावं तसं पाहतात, म्हणून खुलासा केला.)

आमच्या स्टँडवर पूर्वापार दोन पंथ. एक फियाटवाले, दुसरे ॲम्बॅसडरवाले. शैव आणि वैष्णव एकमेकांच्या घरी निदान जेवायला तरी जात असतील. ॲम्बॅसडरवाल्यांचं म्हणणं, गाडी म्हणजे कशी, आत बसल्यावर ओटीवर बसल्यासारखं वाटलं पाहिजे. फियाटवाल्यांचं म्हणणं, ओटीवरच बसायचं तर घरीच बसा, पेट्रोल कशाला जाळता? माझं स्वतःचं मत फियाटच्या बाजूचं आहे. ॲम्बॅसडर ही सरकारी गाडी. ती समोरून आली की कोणाची तरी चौकशी होणार असं वाटायचं. फियाट आली की कोणाचे तरी पाहुणे आले असं वाटायचं.

पण आज मला पंथ वाढवायचा नाही. या वादात दोन्ही बाजूंनी हटकून एक वाक्य यायचं, आणि त्या वाक्याने अलीकडे माझी झोप उडवली आहे. ‘अहो, गाडी तीच हो, नुसतं नाव बदललं!’ किंवा त्याचंच उलट भावंड, ‘नाव तेच हो, पण ती गाडी राहिली नाही!’ आता तीच म्हणजे कोण? गाडी तीच आहे असं आपण म्हणतो तेव्हा नक्की काय तेच असतं?

फियाटचंच घ्या. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी जहाजं चालवली, विमानाचा कारखाना काढला, रावळगावची साखरही त्यांचीच, आणि मोटारीचं वेड तर महायुद्धाच्या आधीपासूनचं. १९४४ साली त्यांनी प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. कुर्ल्याला कारखाना झाला. आधी तिथे अमेरिकेच्या क्रायस्लरच्या गाड्या जोडल्या जायच्या, मग इटलीची फियाट आली. १९५४ पासूनची ती गुबगुबीत ११००, जिचे पुढचे दरवाजे उलटे उघडायचे, तिला लोक डुक्कर फियाट म्हणत आणि तरीही लग्नाची वरात तिच्यातूनच काढत. १९६४ साली चेहरामोहरा बदलून ‘डिलाइट’ आली. १९७२ साली फियाटशी असलेला करार संपला आणि त्याच गाडीचं नाव झालं ‘प्रीमियर प्रेसिडेंट’. आपल्या राष्ट्रपतींना पाच वर्षं तरी मिळतात, या प्रेसिडेंटला दोनच मिळाली. १९७४ साली ती ‘पद्मिनी’ झाली. पत्रा तोच, १०८९ सी.सी.चं इंजिन तेच, स्टिअरिंगच्या दांड्यावर चिकटलेला गिअर तोच. आणि गंमत म्हणजे सबंध महाराष्ट्र शेवटपर्यंत तिला फियाटच म्हणत राहिला. पाळण्यातलं नाव कागदोपत्री, हाक मारायचं वेगळं.

तिकडे पुण्याला आकुर्डीत बजाजवाले इटलीचीच व्हेस्पा स्कूटर बनवत होते. १९७१ साली त्यांचाही करार संपला आणि १९७२ साली ती ‘चेतक’ झाली. माझ्या एक लक्षात आलं आहे, ते तुम्हांला सांगतो. इटलीहून आलेली दोन बाळं, एक कुर्ल्यात वाढलेलं, दुसरं आकुर्डीत, आणि दोघांचं बारसं मात्र मेवाडात! एक चितोडची राणी, दुसरा राणाप्रतापाचा घोडा. आमच्या मराठी मुलखात एवढ्या घोड्या होऊन गेल्या, पण स्कूटरला नाव द्यायच्या वेळी एकीचीही कुणाला आठवण होऊ नये, याबद्दल स्टँडवर एक निषेधाचा ठरावही झाला होता. एस.टी. आल्यामुळे तो मंजूर व्हायचा राहिला.

टाटांच्या ट्रकचीही तीच कथा. १९५४ पासून जमशेदपूरचे ट्रक जर्मनीच्या डायमलर-बेंझच्या सहकार्याने बनत आणि त्यांच्या नाकावर ती तीन पाकळ्यांची चांदणी असे. १९६९ साली सहकार्य संपलं, चांदणी गेली, तिच्या जागी टाटांचा ‘टी’ बसला. पण ड्रायव्हर मंडळी पुढे कितीतरी वर्षं ‘मर्सिडीज आहे आपली’ म्हणूनच घाट चढत.

ही झाली नाव बदललं पण गाडी तीच राहिल्याची उदाहरणं. आता ॲम्बॅसडर पाहा. विलायतेतली मॉरिस ऑक्सफर्ड बिर्लांनी उत्तरपाड्याला आणली, १९५७-५८ च्या सुमारास तिची ॲम्बॅसडर झाली आणि २०१४ साली कारखाना थांबेपर्यंत ती चालली. गाडी गेली. पण तीन वर्षांनी, २०१७ साली, तिचं नाव फ्रान्सच्या प्यूजो कंपनीने ऐंशी कोटी रुपयांना विकत घेतलं! नुसतं नाव. चाक नाही, बॉनेट नाही, मागच्या काचेचा पडदा नाही. आमच्याकडे माणूस गेल्यावर त्याचं नाव नातवाला फुकट ठेवतात.

आणि याहून मोठी थट्टा पुढे झाली. २०२१ साली फियाट, क्रायस्लर आणि प्यूजो या तिघांचं मिळून एकच कुटुंब झालं, त्याला स्टेलांटिस असं काहीतरी औषधाच्या गोळीसारखं नाव दिलं. म्हणजे पद्मिनीचं माहेर आणि ॲम्बॅसडरचं नाव एकाच घरात नांदायला गेलं. चाळीस वर्षं ज्या दोन पंथांनी आमच्या स्टँडवर एकमेकांच्या चहाचे पैसे दिले नाहीत, त्यांचे देव तिकडे एकाच देव्हाऱ्यात. ही बातमी मी स्टँडवर सांगितली तेव्हा एका जुन्या ॲम्बॅसडरवाल्याने पुडीतली तंबाखू तळहातावर घेतली, मळली आणि न खाता फेकून दिली.

इथवर प्रकरण करमणुकीचं होतं. ते आमच्या घरात शिरलं मामांच्या गाडीमुळे.

आमच्या आजोबांनी, म्हणजे आईच्या वडिलांनी, १९७४ साली पद्मिनी घेतली. अगदी पहिल्या वर्षातली. तेव्हापासून ती तळ्यातच आहे. आजोबांनंतर ती मामांकडे आली. मामांचं वय आता शहात्तर, आणि त्यांच्या ठायी दोनच श्रद्धा: एक गणपतीवर, दुसरी गाडीवर. गणपतीचं ते वर्षातून एकदा विसर्जन करतात.

गाडी आजोबांची, हे मामा कोणालाही सांगतात. ‘बाबांची गाडी आहे, हात लावू नका.’ आता या बाबांच्या गाडीत बाबांचं काय उरलं आहे? आपल्याकडचा पाऊस आणि खाडीवरून येणारा खारा वारा दोघे मिळून लोखंडाचं जे करतात ते सावकारही करत नाही. तीस वर्षांत तिच्या पायाखालचा पत्रा तीनदा बदलला. मडगार्ड दोनदा, चारी दरवाजे, डिकीचं झाकण. सीटची कव्हरं मामींच्या जुन्या पडद्यांची. रंग पूर्वी पांढरा होता, मग पिस्ता, मग मिस्त्रीच्या डब्यात जो शिल्लक होता तो. इंजिन आजोबांच्या वेळचं एकदा बोअर झालं, मग दुसऱ्यांदा झालं, आणि तिसऱ्यांदा मिस्त्री म्हणाला, ‘आता याच्यात सिलिंडर नाही, नुसतं भोक आहे.’ तेव्हा मामा कुर्ल्याच्या जुन्या पार्टांच्या बाजारात गेले. ही गाडी जन्मली कुर्ल्यात, आणि तिच्या बहिणी मोडल्या जायच्या त्याही कुर्ल्यात. तिथून एका मोडलेल्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीचं इंजिन मामांनी आणलं. रीतसर पेणच्या आर.टी.ओ.त नेऊन आर.सी. बुकात नव्या इंजिनाचा नंबरही चढवून घेतला.

त्या इंजिनाचे टॅक्सीचे संस्कार अजून गेलेले नाहीत. माणगावच्या पुढे ‘उधर नहीं जायेगा’ म्हणून ते बंद पडतं, आणि रस्त्यात कुणी हात केला की उलट वेग वाढवतं. २०२३ च्या ऑक्टोबरात मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी वीस वर्षं भरली म्हणून रस्त्यावरून उतरली, तेव्हा वर्तमानपत्रांतून हळहळ छापून आली. मामा अंक खाली ठेवून म्हणाले, ‘शेवटची कसली? काळीज आपल्याकडे आहे की.’

आता या सगळ्यात मामा जर जुने पार्ट भंगारात देत गेले असते तर एवढा पेच पडला नसता. पण बाबांची वस्तू टाकायची कशी? जे जे निघालं ते ते मामांनी माळ्यावर नेऊन ठेवलं. इंजिनाचा ठोकळा, कार्ब्युरेटर, डायनामो, दरवाजे, गंजून चाळण झालेला पत्रा, आजोबांच्या तळव्यांनी काळवंडलेलं पहिलं स्टिअरिंग, हॉर्न, वायपर, सगळं. किल्ले सांभाळावे तसं. (आमच्या गावाला ही खोड जुनी आहे. १६६५ साली पुरंदरच्या तहात महाराजांना तेवीस किल्ले द्यावे लागले आणि बारा राहिले, त्या बारांत आमचा तळगड होता. तेव्हापासून आम्ही हाताशी राहिलेली वस्तू सहसा सोडत नाही.)

मामी पन्नास वर्षं गाडीशी संसार करत आल्या आहेत. एकदा मला माळ्याच्या शिडीखाली उभं करून त्या म्हणाल्या, ‘वर बघ आणि सांग, ह्यांची गाडी खाली आहे की वर?’

मी हसलो, पण खाली उतरेपर्यंत हसू मावळलं होतं. कारण हाच प्रश्न ग्रीक लोकांनी दोन हजार वर्षांपूर्वी विचारून ठेवला आहे. थीसियस नावाच्या त्यांच्या वीराचं जहाज अथेन्सवाल्यांनी जपून ठेवलं होतं. फळी कुजली की नवी बसवायची, असं करता करता सगळ्याच फळ्या नव्या झाल्या. मग तत्त्वज्ञांत भांडण, की जहाज तेच की दुसरं. प्लुटार्कने हे लिहून ठेवलं. पुढे सतराव्या शतकात हॉब्ज नावाच्या इंग्रजाने त्यात पाचर मारली. तो म्हणाला, समजा काढलेल्या जुन्या फळ्या कोणी जपून ठेवल्या आणि त्यांचं पुन्हा जहाज जोडलं, तर मग थीसियसचं जहाज कोणतं? हॉब्जने हे नुसतं समजायला सांगितलं होतं. आमच्या मामांनी ते माळ्यावर करून ठेवलंय. लहानपणी आम्ही ‘तळ्यात की मळ्यात’ खेळायचो. शहात्तराव्या वर्षी मामा तळ्यात की माळ्यात खेळताहेत.

आता ग्रीकांपर्यंत जायची गरजच नाही. तळ्याहून थोडं खाडीच्या अंगाला गेलं की कुड्याची लेणी लागतात. सव्वीस लेणी, बौद्धांची, दोन हजार वर्षांच्या घरातली. त्यांतल्या शिलालेखांत दान देणाऱ्यांची नावं कोरलेली आहेत. कोणी माळी आहे, कोणी वैद्य आहे, आणि एक आहे कऱ्हाडचा लोखंडाचा व्यापारी. (लोखंडवाले आमच्या भागात तेव्हापासून फिरताहेत.) या लेण्यांत राहणाऱ्या भिक्षूंना जे तत्त्वज्ञान ठाऊक असणार, त्यातली एक गोष्ट थेट गाडीचीच आहे. मिलिंद नावाचा यवन राजा रथात बसून नागसेन नावाच्या भिक्षूकडे आला. नागसेनाने त्याला विचारलं की तू ज्यात बसून आलास तो रथ म्हणजे काय? जू म्हणजे रथ का? आस म्हणजे रथ का? चाकं? सांगाडा? राजा प्रत्येक वेळी नाही म्हणाला. मग हे सगळं काढून टाकल्यावर जे उरेल ते रथ का? तेही नाही. म्हणजे, नागसेनाने निष्कर्ष काढला, रथ हे नुसतं बोलण्याच्या सोयीचं नाव आहे, आणि माणसाचंही तसंच.

मला ही गोष्ट फार आवडते, पण ती मामांना सांगायची सोय नाही. मामांनी एकदा ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘त्या राजाने स्वतः कधी त्या रथाच्या आसाला वंगण दिलं होतं का?’ मी म्हटलं, ‘मामा, राजे कशाला देतील?’ मामा म्हणाले, ‘मग त्याला काय ठाऊक रथ म्हणजे काय!’

तेव्हा मी हे बोलणं मामांची विक्षिप्त उडी म्हणून सोडून दिलं. आता वाटतं, प्रश्नाची किल्ली त्यांच्याच खिशात होती.

कायद्याला विचारावं तर कायदा नागसेनापेक्षा धीट आहे. तो म्हणतो, गाडीला आत्मा आहे आणि त्याला चासी नंबर म्हणतात. इंजिन बदला, रंग बदला, मालक बदला, नोंद करा म्हणजे झालं. चासी नंबर तोच म्हणजे गाडी तीच. आता पद्मिनीला ट्रकासारखी वेगळी चासी नाही, बॉडी आणि सांगाडा एकच. पायाखालचा पत्रा तीनदा बदलल्यावर जुनं म्हणून जे उरलं, त्यात ती नंबरची पट्टी आली. वीतभरही नाही. म्हणजे आमच्या आजोबांची गाडी कायद्याने वीतभर पट्टीत राहते, अंगुष्ठमात्र पुरुषासारखी.

प्रकरण टोकाला गेलं ते गाडीने पन्नाशी ओलांडल्यावर. २०२१ साली केंद्र सरकारने नियम केला की पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षांहून जुनी, मूळ रूपात जपलेली, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार न झालेली खासगी गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदता येईल. मान मोठा. पण अशा गाडीतून बाजारात जायचं नाही, स्टेशनवर जायचं नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं आणि दुरुस्ती, एवढ्यापुरतीच रस्त्यावर आणायची. सत्कार झालेल्या म्हाताऱ्याला लोक जसं पुढच्या खुर्चीत बसवतात आणि कोणतंच काम सांगत नाहीत, तसं. आणि सत्कार नको असेल तर दर खेपेला नोंदणी नवी करून घ्यायची. तिची फी १ एप्रिल २०२२ पासून सहाशे रुपयांची पाच हजार झाली आणि त्यानंतरही वाढली.

मामांच्या मुलाने, म्हणजे माझ्या मामेभावाने, पुण्याहून फोन केला. त्याचं म्हणणं अगदी व्यवहाराचं होतं. त्याच्या ओळखीचा एक मुंबईकर शौकीन गाडी घ्यायला तयार होता. पहिल्या वर्षातली पद्मिनी, एकाच घरातली, किंमत म्हणाल ती. अट एकच, आधी व्हिंटेज म्हणून नोंदवून द्या. फॉर्मवर मालकाने सही करायची. ‘बाबा, पन्नास वर्षं तुम्हीच सांगताय ना गाडी तीच आहे म्हणून? तेच लिहून द्यायचं.’

तो काही लबाडी करा म्हणत नव्हता. त्याचा प्रश्न सरळ होता. मामांचे डोळे अधू झालेत, गाडी वर्षातून चारसहा वेळा निघते, मामींना माळा हवा आहे, आणि उद्या मामा नसले तर हा लोखंडी वारसा पुण्यातल्या दोन खोल्यांच्या ब्लॉकमध्ये कुठे न्यायचा? आजोबांनी गाडी घेतली ती आपल्या हौसेने. मामांनी सांभाळली ती आपल्या मायेने. नातवाने ती का सांभाळावी? एका माणसाने वस्तूला दिलेला शब्द तीन पिढ्यांनी पाळायचा असतो का? मी जो जो विचार करतो तो तो मला मामेभाऊच बरोबर वाटतो. देवघरातले देव आणि मोटारगाडी यांत काही फरक असला पाहिजे, निदान विम्याच्या हप्त्याचा तरी.

मामा मात्र दोन दिवस गप्प होते. तिसऱ्या दिवशी फॉर्म घेऊन माझ्याकडे आले. म्हणाले, ‘अरे, गाडी तीच आहे. पण मूळ रूपात नाही. मी कशी सही करू?’

मी म्हटलं, ‘मामा, तीच आहे तर मूळच झाली की.’

‘वा रे वा!’ मामा म्हणाले. ‘माझे दोन्ही गुडघे मुंबईला बदलले. डोळ्यांत भिंगं बसवली. कवळी आहे. मी तोच आहे का? आहे. मूळ रूपात आहे का? तुझ्या मामीला विचार.’

मामी आतून म्हणाल्या, ‘मला विचारायचं तर माझ्यापासून सुरुवात करा. लग्नात तांदळात अंगठीने नवीन नाव लिहिलं माझं. माहेरी कोणी हाक मारली तर अजून जुन्यालाच ओ देते.’

एस.टी. स्टँडवरच्या सगळ्या शास्त्रार्थापेक्षा या दोन वाक्यांत मला जास्त सापडलं. मला जे कळलं ते असं. प्यूजोवाल्यांनी ऐंशी कोटी देऊन ॲम्बॅसडर नावाची पाटी घेतली, तेव्हा मधल्या तीन वर्षांत त्या नावाला कोणी धरून नव्हतं. ते जमिनीवर पडलं होतं, कोणीतरी उचललं. मामांच्या गाडीत एकही मूळ दरवाजा नाही, पण पन्नास वर्षांत असा एकही दिवस गेला नाही की तिची जबाबदारी कोणावर नाही. एक पत्रा निघाला तेव्हा बाकीचे जागेवर होते आणि मिस्त्रीच्या शेजारी आधी आजोबा आणि मग मामा उभे होते. तेच आहे ते हे उभं राहणं. माळ्यावरच्या ढिगात आजोबांचं सगळं लोखंड आहे, पण त्याला वंगण देणारं कोणी नाही. म्हणून माझ्या मते गाडी खाली आहे. नागसेनाला मी हरवलं असं नाही, तो म्हणालाच होता की रथ लोखंडात नाही, लाकडात नाही. तो कशात आहे ते सांगायचं त्याने मामांवर सोडलं असावं.

पण मग असंही होतं, की मामेभावाने न घेता ती कोणा परक्याने मनापासून सांभाळली तरी ती आजोबांचीच गाडी राहील, आणि मामेभावाने नाइलाजाने घेऊन पुण्याच्या पार्किंगमध्ये ताडपत्रीखाली कुजवली तर ती राहणार नाही. हे मी मामांना सांगितलं. त्यांना ते आवडलं नाही. तरी ते बराच वेळ नाकारत बसले नाहीत, हेही खरं. त्या मुंबईकर शौकीनाला त्यांनी पोस्टकार्डाच्या अक्षरात चार पानी यादी पाठवली, काय काय आणि केव्हा केव्हा बदललं त्याची, टॅक्सीच्या इंजिनासकट. त्या गृहस्थांचं उत्तर आलं नाही. मामेभाऊ चिडला. मामांनी वाढीव फी भरून साधी नोंदणी करून घेतली. साध्या गाडीतून इंदापूरच्या स्टेशनवर पाहुण्यांना आणायला जाता येतं.

माळ्याचं भिजत घोंगडं तसंच होतं. मामींनी भंगारवाल्याला एकदा शिडीवर चढवलंही होतं, तो वजनाचा अंदाज घेऊन खाली उतरला आणि मामांचा चेहरा पाहून चहा पिऊन गेला. मग जूनमध्ये पहिला पाऊस पडला आणि गाडीच्या वायपरची मोटर बसली. मिस्त्रीने माणगाव पाहिलं, महाड पाहिलं, मुंबईला फोन केला, पार्ट कुठेच नाही. शेवटी तो माळ्यावर चढला आणि आजोबांच्या वेळची मोटर घेऊन खाली आला. फार आवाज करते म्हणून ती कधीकाळी काढून ठेवली होती. तिला रॉकेलने धुऊन तेल दिलं, आणि ती चालली. आवाज अजून करते.

वर जेवढी जागा मोकळी झाली तेवढ्यात मामींनी आमसुलांची बरणी ठेवली आहे, आणि हेडलाइट केव्हा जाणार म्हणून मिस्त्रीला विचारत असतात.